एका टिंबाचा हिरवा रकाना

दोष मोठ्या सरांचा, म्हणजे हॉस्पिटलच्या मुख्य सर्जनचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण चौकशीत त्यांचं नाव कुणीच घेतलं नाही.

मी रकाना बोलतोय. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर ऑपरेशनआधी जे पान भरतात, त्यातला. माझ्या डोक्यावर एकच प्रश्न आहे: 'रोजची औषधं कोणती?'

माझा जन्म मीटिंगमध्ये झाला. जुन्या कागदांवर कुणी धड काही लिहीत नव्हतं, म्हणून बिस्किटं खात ज्येष्ठांनी ठरवलं, की मी भरल्याशिवाय पान पुढे सरकायचं नाही. भरलो की मी हिरवा होणार. टाळ्या वाजल्या. भरलंय काय, हे बघण्याचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

मोठ्या सरांनी लगेच पळवाट काढली. माझ्यात नुसतं एक टिंब टाकायचं. मी हिरवा, सर मोकळे. वर हाताखालच्यांना शिकवणी: "टिंब मार आणि सूट. निबंध लिहितोयस का?" एवढी पिकलेली डोकी, आणि अक्कल ही!

मग एक रंगारी आला, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी. त्याच्या नखांत अजून चुना होता. त्याची बायको म्हणाली, "डॉक्टर, ह्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालूय."

"सगळं कॉम्प्युटरमध्ये असतं हो, ताई," मोठे सर म्हणाले.

"नाही, पण ती बंद करायची का?"

"डॉक्टर तुम्ही की मी?"

रंगारी ओशाळला. "अगं, गप की. साहेबांना कळतं."

साहेबांनी टिंब टाकलं.

ऑपरेशनच्या दिवशी भूल देणाऱ्या बाईंनी लांबूनच मला पाहिलं. "हिरवं आहे ना? घ्या." मला उघडायला एक बोट पुरलं असतं. रंगाऱ्याला विचारायला तर तेही लागलं नसतं. मला स्वतःचा आवाज नाही. माझ्यात घालाल तेवढंच मी बोलतो. त्याच्या पाठीत भुलेची सुई गेली, गोळीमुळे रक्त थांबेना, ते आत साचलं आणि मज्जारज्जू दाबला गेला. संध्याकाळ झाली तरी पाय हलेनात. बायको वॉर्डभर धावत होती. सर म्हणाले, "भूल आहे, उतरेल."

चौकशीत सर म्हणाले, "सॉफ्टवेअरच कच्चं." म्हणजे मी! आता माझ्यात किमान दहा अक्षरं लागतात. सर दहा टिंबं टाकतात.

तुमची पाळी आली, तर स्क्रीन स्वतःकडे वळवून घ्या आणि मला उघडायला लावा. सर चिडले तर चिडू देत.

रंगाऱ्याचे दोन्ही पाय कायमचे गेले.