पुढची सीट

कानाच्या पाळीतून निघणारा पहिला थेंब पुसून टाकायचा असतो. त्यात घाम मिसळलेला असतो. दुसरा थेंब सावकाश वर येतो. मोहरीएवढा असतो तो मिरीएवढा व्हायला चार-पाच सेकंद लागतात. मग लॅबवाली मुलगी त्याला कागदाची पट्टी टेकवते आणि पट्टी तो ओढून घेते. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं आहे, त्यामुळे पहिला नमुना फेकून द्यायची शिस्त मला नवी नाही. पण त्या दिवशी कान माझा होता, आणि खालचे दोन पाय जागेवरच्या सायकलवर फिरत होते.

टेस्ट साधी असते. शंभर वॅटपासून सुरुवात. दर तीन मिनिटांनी मशीन एक बारीक शिट्टी देतं आणि पंचवीस वॅट वाढतात. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी रक्ताचा थेंब, नाडीचा आकडा. पाय चालेनासे झाले की संपलं. रक्तात लॅक्टेट किती साठलं त्यावरून कळतं की माणूस खरोखर किती दमलाय. तोंडावर मास्क असल्यामुळे बोलता येत नाही. बोलायचं काम दुसरे करतात.

"शास्त्रज्ञबाई, खाऊन आलात ना?" सर म्हणाले. सर म्हणजे आमचे कोच. वय पासष्ट, एक गुडघा कायमचा आखडलेला. "गेल्या खेपेला उपाशी आलात आणि माझ्या बुटांवर..."

"सर, मला काही दिसलं नव्हतं हं," कोपऱ्यातल्या बाकावरून माझी बहीण म्हणाली. "मी साक्ष देणार नाही."

तिला घरात भिंगरी म्हणतात. नऊ वर्षांची असताना तिच्या डोळ्यांचा पडदा गेला. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. तेव्हापासून मी पुढे आणि ती माझ्या कोपराला धरून अर्धं पाऊल मागे, अशी आमची चाल ठरून गेली. दोन सीटची सायकल आमच्या आयुष्यात आठ वर्षांपूर्वी आली, तेव्हा आम्हाला वेगळं काही शिकावं लागलं नाही. पुढची बघते, वळवते, ब्रेक लावते. मागची फक्त जोर लावते. दोघींची पेडल एकाच साखळीने बांधलेली असतात. माझा पाय जरा कमी पडला की त्याचा भार तिच्या पायावर जातो, त्याच क्षणी. ते लपवायची सोय त्या सायकलीत नाही.

सहाव्या टप्प्याची शिट्टी झाली तेव्हा माझ्या मांड्या जळत होत्या. सातव्यात मी सत्तर सेकंद काढले आणि पाय थांबले. म्हणजे पूर्ण झालेला आकडा दोनशे पंचवीस. दीड वर्षापूर्वी दोनशे पंचाहत्तर होता. लॅक्टेट नऊ पूर्णांक आठ. नाडी एकशे एक्क्याऐंशी. काहीही शिल्लक राहिलं नव्हतं. सरांनी मला टॉवेल दिला आणि खिडकीकडे जाऊन उभे राहिले.

मला धक्का बसला असं म्हटलं तर ते खोटं होईल. तेरा महिन्यांपूर्वी एका शर्यतीत, शेवटच्या चढावर, मला पेडल हलकं झाल्यासारखं वाटलं होतं. चढ तर संपला नव्हता. मागे भिंगरी दात आवळून दोघींचं ओढत होती. चौदा सेकंदांनी आमचं पदक हुकलं, पाचव्या आलो. तिने सगळ्यांसमोर विनोद केले. नंतर मुक्कामाच्या खोलीत न्हाणीघराचा नळ अर्धा तास चालू होता. आत ती फरशीवर बसली होती हे मला दाराखालच्या फटीतून दिसलं. त्या दिवशी मी मनात ठरवलं, की आता उतरायचं. फक्त सांगायचं राहिलं. आधी म्हटलं हिवाळा जाऊ दे, मग म्हटलं तिचा खोकला बरा होऊ दे, मग निवड चाचणी जवळ आली.

सरांचा नियम आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होता. पुढचीचा आकडा मागचीपेक्षा खाली गेला की जोडी मोडायची. "डोक्यावरचं ओझं पायापेक्षा जड झालं की माणूस पडतो," असं ते म्हणत. एकट्याच्या शर्यती सोडलेली एक मुलगी पुढच्या सीटसाठी तयार आहे हेही त्यांनी एकदा सहज बोलून दाखवलं होतं. मी तेव्हा पाण्याची बाटली भरत होते. बराच वेळ भरत राहिले.

तासाभराने भिंगरी सायकलवर चढली. तिचा हात मी हँडलवर ठेवला. लॅबवालीने मास्क बांधला. मी शेजारी उभी राहिले. सरांना फोन आला म्हणून ते बाहेर गेले.

ती सुरेख चालवत होती. कंबर हलत नव्हती, पाय घड्याळासारखे, मिनिटाला ब्याण्णव फेरे. पाचव्या टप्प्यापर्यंत तिच्या कपाळावर धड घामही नव्हता. सहाव्यात मात्र ती अचानक जोरजोरात श्वास घ्यायला लागली, मान खाली टाकली, खांदे हलवायला लागली. सहावी शिट्टी झाली आणि दोन-तीन सेकंदांत ती हात वर करून थांबली. ब्याण्णववरून एकदम शून्य. दमलेला माणूस असा थांबत नाही. त्याचे फेरे आधी ऐंशी होतात, मग सत्तर, मग पाय चिखलातून काढल्यासारखे फिरतात.

"झालं," मास्क काढून ती म्हणाली. "मेले मी."

लॅबवालीने थेंब घेतला, मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तीन पूर्णांक चार," ती हळूच म्हणाली. "असं कसं?"

"पट्टी खराब असेल," मी म्हणाले. "कंट्रोल द्रावण लावून बघ."

तिने लावलं. चार यायला हवं होतं, चार आलं. मी दुसऱ्या डबीतली पट्टी वापरून पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा चार. अठरा वर्षांत मी कितीतरी मशीन तपासली असतील, पण मशीन चुकलेलं निघावं अशी इच्छा धरून कधी तपासलं नव्हतं.

सगळं माझ्या लक्षात आलं होतं. माझ्या टेस्टच्या वेळी ती बाकावर बसून शिट्ट्या मोजत होती. सहा पूर्ण, सातवा अर्धवट. मग तिने स्वतःचे सहा मोजले आणि हात वर केला. तिला ऐकून जेवढं कळतं तेवढं सगळं तिने बरोबर केलं होतं. रक्ताचा आणि नाडीचा रकाना कधी कुणी मोठ्याने वाचत नाही, तेवढाच तिच्या हिशेबातून सुटला.

कपडे बदलायच्या खोलीत ती तोंड धूत होती. मी छापलेली दोन पानं घेऊन आत गेले. पहिल्यावर दोघींचे शेवटचे आकडे, दुसऱ्यावर दोघींचे सगळे रकाने.

"किती आले?" तिने विचारलं.

"तुला माहीत आहे."

"सहा म्हणजे दोनशे पंचवीस. तुझ्याइतकेच. बघ, जोडी म्हणजे जोडी."

"नाडी एकशे छप्पन," मी वाचलं. "जिना चढून दूधवाल्याला दार उघडतेस तेव्हाही एवढी होते तुझी."

ती टॉवेलने तोंड पुसत राहिली. नको इतका वेळ.

"दमले होते मी, ताई."

"रक्त दमलेलं नाही."

"रक्ताला काय कळतंय." ती बाकावर बसली आणि बूट शोधायला पाय फिरवायला लागली. मी बूट तिच्या पायाजवळ सरकवला. "तू सरांना सांगणार?"

"सोंग करायचं तर नीट करायचं होतं. फेरे आधी कमी करायचे."

"पुढच्या वेळी करीन."

"भिंगरे."

"हे बघ, त्या मुलीबरोबर मी एकदा बसले आहे. सरांनी बसवलं होतं, तू परिषदेला गेली होतीस तेव्हा. तुला सांगितलं नाही. चांगली आहे, जोर आहे तिच्यात. डावं, उजवं, ब्रेक. डावं, उजवं, ब्रेक. दोन तास. घरी आले तर कुठे जाऊन आले तेच मला सांगता येईना." ती बुटाची नाडी बांधत होती, बोटं भराभर चालत होती. "तू सांगतेस ना, की पिवळं घर गेलं, आज गच्चीवर गाद्या वाळत घातल्यात, कुत्रं आपल्याकडे तुच्छतेने बघतंय. मला रस्ता तेवढ्यानेच दिसतो. आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात. माझ्या तर तू राखतेस. देवाला बिचाऱ्याला कामच नाही."

मी हसले. तिला हसू ऐकू यावं म्हणून जरा मोठ्याने हसले.

"आणि पदक?" मी विचारलं.

"पदक काय, उशाशी घेऊन झोपायचंय?"

हे ती फार चटकन म्हणाली. रोज पहाटे पाचला तिच्या खोलीतल्या सायकलच्या सरावाच्या रोलरची घरघर मला भिंतीपलीकडून ऐकू येते. निवड चाचणीच्या तारखा सोयीच्या पडाव्यात म्हणून तिने टेलिफोन विभागातली पाळी बदलून घेतली, साहेबांशी भांडून. तेहेतीस वर्षांची आहे ती. याच्यापुढची निवड चार वर्षांनी.

"बोलू नकोस ना, ताई," ती म्हणाली. "आकडे तुझ्या हातात आहेत. मी थोडीच वाचणार आहे."

मी दुसरं पान घडी करून पिशवीत टाकलं. का टाकलं ते मला माहीत होतं. माझ्या सीटवरून मला कुणी उठवणार नव्हतं, आणि त्या क्षणी मला इतकं बरं वाटलं, की नंतर कितीतरी वेळ त्याचीच लाज वाटत राहिली.

सरांची खोली म्हणजे ट्यूबा टांगलेली एक अरुंद जागा. दोन खुर्च्या, तिसऱ्या खुर्चीवर चाक. त्यांनी पहिलं पान घेतलं, खालचा आकडा बघितला, मग दुसऱ्या नावाखालचा. चष्मा काढून डोळे चोळले.

"दोघीही दोनशे पंचवीस."

"जमलंय ना, सर?" भिंगरी म्हणाली. "जोडी मोडायचं कारण नाही."

"मोडायचं नाही. मी मोडतोय कशाला?" त्यांनी खणातून एक पत्र काढलं. "पण हे काल निवड समितीकडून आलंय. मागच्या सीटला यंदा कमीत कमी अडीचशे हवेत. त्याखालचं नाव घेणारच नाहीत. आज संध्याकाळपर्यंत निवड चाचणीसाठी नावं द्यायची आहेत." ते पत्राकडे बघत बोलत होते. "खोकला मुळापासून गेला नाही तुझा. माझं चुकलं, मी फार लवकर चढांवर घातलं तुला. तुझा आकडा बरा आला असता, तर दुसरा काही मार्ग... असो. यंदा राहू दे."

भिंगरीचा चेहरा मी लहानपणापासून वाचत आले आहे, कारण आपला चेहरा कसा दिसतो हे तिला माहीत नसतं, त्यामुळे ती तो लपवत नाही. आधी तिच्या कपाळाला एक आठी पडली, गणित चुकल्यावर पडते तशी. मग ओठ एकदा उघडून मिटले. मग ती हसली.

"चालेल, सर. रविवारी मजेत चालवू. हवा खाऊ. शर्यत नाही म्हणजे ताईला गप्पा मारायला जास्त वेळ."

"तू नाराज नाहीस ना?"

"छे. नाराज काय."

तिने टेबलाखाली माझं मनगट पकडलं होतं. लहानपणी रस्ता ओलांडताना पकडायची तसं, पूर्ण ताकदीने. गप्प बस असं तिला म्हणायचं होतं. सरांनी नावांचा कागद पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं आणि आमच्या दोन नावांवर पहिली रेघ मारायला हात टेकवला.

"सर, थांबा," मी म्हणाले. "अजून एक पान आहे."

"ताई, नको."

मी दुसऱ्या हाताने पिशवीतलं पान काढून त्यांच्यासमोर उलगडलं. सर रकाने कधी वाचत नाहीत. त्यांना वेळ लागला. बोट एकेका ओळीवरून खाली आलं आणि शेवटच्या थेंबावर थांबलं. मग ते शेजारच्या माझ्या रकान्याकडे वळलं. नऊ पूर्णांक आठ, तीन पूर्णांक चार.

"हे काय आहे?" त्यांनी भिंगरीला विचारलं.

तिने मान खाली घातली.

"पट्टी तपासली?"

"दोनदा," मी म्हणाले. "मशीन बरोबर आहे. ही थांबली तेव्हा हिच्यात अजून तीन टप्पे तरी बाकी होते. आणि माझ्यात काही नव्हतं. ते आजचं नाही, सर. गेल्या वर्षीच्या त्या चढापासूनचं आहे. ही माझं ओढतेय आणि मला ते माहीत आहे."

सरांनी मान हलवली. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. मी हे कधी सांगते याची तेही वाट बघत होते, हे मला तेव्हा कळलं. भिंगरी रडत होती, आवाज न करता, आणि तिची पकड तशीच होती. माझी बोटं बधिर व्हायला लागली होती.

"हिची टेस्ट परत घ्या," मी म्हणाले. "उद्या सकाळी. आणि नावं आजच द्या, हिचा आकडा उद्या कळवा. हिचं राहू दे. पुढच्या सीटवर त्या मुलीचं लिहा. मी उतरते."