पदाचा पूर्ण उच्चार

भाग्यश्रीच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर तिचं पद जर्मनमध्ये छापलेलं होतं, आणि जर्मन कंपनीच्या त्या चाकणच्या अख्ख्या कारखान्यात ते कुणाला वाचता येत नव्हतं. सुरक्षा अधिकारी होती ती. पण सगळ्यांच्या तोंडी ‘सेफ्टीवाली’. तिनं मशीन थांबवायला सांगितलं की लोक हसून काम चालू ठेवत.

जर्मनीचे साहेब यायचे ठरले, तेव्हा मॅनेजर रविराज म्हणाले, “तू नऊवारी नेसून ओवाळायला उभी राहा. ओळख मी करून देतो.”

“माझी ओळख मीच करून देईन, सर. जर्मनमध्ये.”

“तो शब्द? मालगाडी आहे ती. हसं होईल आपलं.”

झालं तर होऊ दे. ताट धरून शोभेला उभं राहण्यापेक्षा हसं परवडलं.

चिंचवडला घरी तिनं वडिलांना, भिवांना, तो शब्द मोबाइलवर ऐकवला. विहारात पोरांना पाली वंदना शिकवणारा माणूस. लांब शब्दाला तो काय घाबरतोय.

“एका दमात गिळू नको. तोडून म्हण, मग जोड,” म्हणत त्यांनी टाळीवर ठेका धरला.

ती ठेक्यावर म्हणू लागली, “आर-बाइट्स. झि-शर-हाइट्स. बे-आउफ-ट्राक-टे.”

भिवांच्या उजव्या हाताची दोन बोटं भोसरीतल्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीननं नेली होती, त्यामुळे टाळी बसकी वाजे. त्या हातामुळेच ती या कामात आली होती.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, तेव्हा ती हेल्मेट घालून स्वागताच्या रांगेत उभी राहिली. ओवाळणीचं ताट ऑफिसातल्या मोनिकाकडे गेलं. रविराज पाहुण्यांना म्हणाले, “ही भाग्यश्री. सेफ्टीत मदत करते.”

भाग्यश्रीनं सुरुवात केली आणि ‘बे’पाशी अडखळली. रविराज हसले, “चला, पुढं चला.”

ती हलली नाही. सगळ्यांदेखत टाळी वाजवत तिनं पहिल्यापासून धरलं आणि शब्द शेवटापर्यंत नेला. कुणी हसलंही असेल. तिनं बघितलं नाही.

पाहुणे प्रेसकडे निघाले, तशी तिनं हात आडवा घातला. “आधी गॉगल.”

“अगं, पाहुणे आहेत,” रविराज कुजबुजले.

“डोळे त्यांनाही दोनच आहेत, सर. आणि तुम्हालाही.”

कपाळावर कुंकू लावलेले साहेब प्रेसभोवतीच्या पिवळ्या रेषेपाशी निमूट थांबले. पहिला गॉगल रविराजांना चढवावा लागला.