रिकाम्या बॅगेचं वजन

बुटाची टाच डावीकडे फिरवली तशी ती सुटून हातात आली. आत पोकळी होती आणि पोकळीत मिठाची पुडी. तिने पुडी चिमट्याने उचलून पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा मिनिटं झाली होती. वेळ वीस मिनिटांची होती.

टेबलापलीकडे सर उभे होते. प्रशिक्षण केंद्राचे प्रमुख तेच, आणि सरावाच्या बॅगांमध्ये पुड्या लपवणारेही तेच.

"सापडली की. कर सही आणि हो मोकळी."

त्यांच्या शेजारी मुख्य कार्यालयातून आलेल्या परीक्षक मॅडम बसल्या होत्या. त्यांनी कागदावर खूण केली.

तिने सही केली नाही. उरलेला बूट, दोन शर्ट, दाढीचं सामान, एक डोळा नसलेली बाहुली असं सगळं काढून तिने टेबलावर ओळीने मांडलं. मग रिकामी बॅग उचलली. काट्यावर ठेवण्याआधी तिचा हात जरासा थबकला.

लहानपण दुकानात काट्यासमोर बसून गेल्यामुळे कुठलीही वस्तू हातात घेतली की तिला वजन कळे. इथल्या वर्गातली मुलं गंमत म्हणून तिच्या हातात काय काय देत, कधी डबा, कधी बूट, एकदा तर स्वतःचं डोकं. "तराजू, किती भरलं?" मग ती गंभीरपणे सांगे, "पोकळ आहे." तेव्हापासून तिला नावाने कुणी हाक मारत नव्हतं.

काटा पाच किलो शंभरवर थांबला.

ही नऊ नंबरची बॅग. अशा बारा होत्या, सगळ्या कुणी न्यायला न आलेल्या. प्रत्येकीच्या मुठीला 'प्रशिक्षण' असं छापलेली निळी पट्टी. गेले तीन महिने कस्टम्सच्या उमेदवारांनी त्या उचकल्या होत्या. दर शुक्रवारी त्या गाडीत घालून बंदरावर नेत, तिथल्या खऱ्या काउंटरवर सराव होई आणि संध्याकाळी त्या परत येत. निळी पट्टी दिसली की बंदराच्या फाटकावर गाडी कुणी अडवत नसे. घरच्याच बॅगा, त्यांत काय बघायचं?

रिकाम्या बॅगेचं वजन करावं असं पुस्तकात होतं, तपासणीच्या कागदावर तसा रकानाही होता. तो कुणी भरत नसे. ती भरे, आणि आकडा स्वतःच्या वहीतही उतरवून ठेवी. नऊ नंबर तिच्याकडे आजवर पाच वेळा आली होती. पाचही वेळा चार किलो तीनशे. पण ते सगळे वार सोमवार ते गुरुवारमधले होते. आजची परीक्षाही सोमवारीच व्हायची होती. सोमवारी वीज बंद राहणार असा वरून फोन आला म्हणून ती घाईघाईने शनिवारवर आणली होती. बंदरावरून बॅगा काल संध्याकाळीच आलेल्या होत्या.

सकाळी मॅडमनी तिच्यासाठी नऊ नंबरची चिठ्ठी काढली तेव्हा सर म्हणाले होते, "तिची चेन अडकते. दुसरी देऊ या."

"अडकलेल्या चेनच्या बॅगाही येतातच की," मॅडम म्हणाल्या होत्या.

चेन अडकली नव्हती.

तिने बॅगेच्या तळावरून बोटं फिरवली. अस्तराची एका कडेची शिवण बाकीच्या शिवणीपेक्षा बारीक होती. दोरा नवा होता.

"काटा जुना झालाय," सर म्हणाले. "नेहमीचंच लिही. चार-तीनशे."

तिने मान वर केली. वही तिने सरांना कधी दाखवली नव्हती. कागदावरचा तो रकाना त्यांनी कधी वाचला असेल असंही तिला वाटत नव्हतं.

सर अजून हसत होते. फक्त त्यांचा एक हात टेबलाच्या कडेवर आला होता आणि तिथेच राहिला होता.

सकाळी दादाचा फोन आला होता. "नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. दुकान आहेच." दादाला ते प्रेमाने म्हणायचं होतं, हे तिला कळत होतं. ही तिची तिसरी आणि शेवटची खेप होती.

तिने प्रमाणित वजनांच्या पेटीतून एक किलोचं वजन काढलं आणि बॅग उतरवून ते काट्यावर ठेवलं. एक किलो, शून्य ग्रॅम. वजन परत पेटीत ठेवून तिने पेन उचललं आणि रकान्यात पाच किलो शंभर लिहिलं. पुढे 'शेरा' या जागेत लिहिलं, आधीच्या नोंदींपेक्षा आठशे ग्रॅम जास्त, तळाची शिवण नवी.

मॅडमनी चष्मा वर करून ते वाचलं. "आधीच्या नोंदी कुठे आहेत?"

"माझ्या वहीत. बाहेर फळीवर माझी बॅग आहे, तिच्यात."

"घेऊन ये."

ती वही घेऊन आली. मॅडमनी पानं उलटली, बोटाने तारखा जुळवल्या. त्यांचा चेहरा हळूहळू सावध होत गेला. ते पाहून तिला तीन महिन्यांत पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

"ही बॅग उघडून बघायला हवी," मॅडम म्हणाल्या.

"बघायलाच हवी," सर लगेच म्हणाले. "फक्त अस्तर फाडायचं तर भांडाराची परवानगी लागते. सोमवारी पहिलं काम तेच करतो."

मॅडमनी थोडा विचार केला. त्या नियमाने चालणाऱ्या बाई होत्या.

"बरोबर आहे. आणि उमेदवाराची तक्रार केंद्रप्रमुखांमार्फतच यायला हवी. तेव्हा ही तुमच्याकडेच ठेवा." त्यांनी वही सरांच्या हातात दिली.

सरांनी ती न उघडता कोटाच्या खिशात घातली. नऊ नंबर स्वतः उचलली.

"शाब्बास," ते तिला म्हणाले. "अशी माणसं फार कमी मिळतात. जा, कँटीनमध्ये चहा घे. निकाल पाचला."

पाचला निकाल लागला. ती पहिली आली होती. मैत्रिणीने तिला मिठी मारली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी हात मिळवला आणि गाडीत बसून निघून गेल्या. सर व्हरांड्यात उभं राहून फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होते. तिच्याकडे पाहून त्यांनी मान हलवली.

तिने दादाला फोन लावला. "पास झाले."

"खरं सांगतेस?" दादाचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "थांब, आईला देतो."

आई फोनवर रडत होती. फोन कानाला धरूनच मुलीने हात पुढे करून फळीवरची आपली बॅग ओढली आणि खांद्याला लावली.

"आई, नंतर करते," ती म्हणाली.

सकाळी बॅगेत पाण्याची बाटली होती, ती आता रिकामी होती. डबा खाऊन झाला होता. वही सरांच्या खिशात होती. बॅग हलकी व्हायला हवी होती. तिने पट्टा खांद्यावरून काढून बॅग हातात धरली, पुन्हा खांद्याला लावली. हात आजवर कधी चुकला नव्हता.

आठशे ग्रॅम.

फाटकापाशी रांग लागली होती. तिथला म्हातारा पहारेकरी रोज खुर्चीत बसून नुसता हात हलवी आणि "जा ताई, जा" म्हणे. आज खुर्ची बाजूला सारून तिथे टेबल मांडलं होतं. पहारेकरी टेबलामागे उभा होता. त्याने हातात रबरी मोजे घातले होते आणि तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता.

तिने मागे वळून पाहिलं. व्हरांड्यातला फोन संपला होता. सर कठड्यावर कोपर टेकून, घाई नसलेल्या माणसासारखे रांगेकडे बघत होते.

पुढची दोन माणसं पार झाली. मैत्रिणीने तिला मागून हसत ढकललं.

"चल ना तराजू. आता कसलं वजन करत बसलीस?"