साठ पावलांवरचा ड्रम

"तोंड वाळूत. आता करंगळी घाल. काय लागता?"

"काय नाय, काका."

"आणि दुसऱ्यात?"

मित्रांनो, हा आवाज ऐकून मला वर्ष होत आलं. अजूनही शुक्रवारची दुपार कलली आणि वारा पंपघराला वळसा घालून आला, की मला वाटतं, आता चपला वाजतील, आता माझ्या काठावर कोणी हात टेकील आणि विचारील, दुसऱ्यात? पण त्या आवाजाचा माणूस येत नाही. वारा माझ्या तोंडावरची चिमूटभर वाळू उचलतो आणि आपल्या वाटेनं निघून जातो.

मी एक जुना लोखंडी ड्रम आहे. तुमच्या घरी मला पिंप म्हणत असतील. कुवेतच्या दक्षिणेला, वफ्राच्या एका मळ्यात, पंपघराच्या मागं मी उभा आहे. माझ्यापुढं काकडीची नि टोमॅटोची ग्रीनहाऊसं आहेत, मागं खजुराची झाडं आहेत, आणि त्यांच्या पलीकडं जिथवर नजर जाते तिथवर नुसतं वाळवंट.

पत्रा वाकवून मला जेव्हा गोल केलं, तेव्हा मी निळा होतो, चकचकीत होतो. माझ्या पोटात खजुराचा पाक भरला होता, काळाभोर, दाट, आपल्या काकवीसारखा. मुंग्या माझ्या अंगावरून रांगा काढायच्या. वाटायचं, आपला जन्म गोडाधोडासाठीच आहे. पाक संपला, मग मजुरांनी मला पाण्यासाठी घेतलं. उन्हाळ्यात पन्नास अंशांच्या झळा सोसून आलेली माणसं माझ्यातलं पाणी डोक्यावर ओतून घेत आणि "हाऽऽ" करून सुस्कारा टाकत. तो सुस्कारा मला फार आवडायचा. पण गंजानं माझा तळ खाल्ला, पाणी राहीना, आणि एके दिवशी मला पंपघरामागं आडवं लोटून दिलं. भंगारवाला येईल तेव्हा येईल.

भंगारवाल्याच्या आधी तुळशीदास आला.

तुळशीदास कुडाळकडचा. मळ्यातला जुना माणूस, वीस वर्षं इथंच राबणारा. उंच, किडकिडीत, कानामागं नेहमी एक फूल, नाहीतर निदान टोमॅटोचं पान. काम करताना तो तोंडातल्या तोंडात गायचा. बाई जात्यावर गाते ना, तसा.

*वफ्राच्या गे मळ्यामंदी, लायलंय काकडीची रांग,*
*दर्यावयल्या वाऱ्या रे, माझ्या घराक जाऊन सांग.*

त्याच सुमारास मळ्याच्या मालकांनी एक दुनळी बंदूक घेतली. सगळे त्यांना बाबा म्हणत. बंदूक परवान्याची होती. थंडीच्या दिवसांत शुक्रवारी ते सलव्याहून, म्हणजे शहराकडच्या आपल्या घरून, येत, वाळवंटाच्या कडेला मातीच्या थाळ्या हवेत उडवत आणि नेम धरत. मन भरलं की बंदूक तुळशीदासच्या हाती देत. "यल्ला तुळसी, साफ करके रखो." एवढं बोलून गाडीत.

त्या पहिल्याच शुक्रवारी तुळशीदासनं मला उचललं. वरचं झाकण कापून काढलं, कडा ठोकून बोथट केली आणि चाळणीनं चाळलेली वाळू काठोकाठ भरली. पंपघरातून त्याचा जोडीदार तौफीक बघत होता.

"तुळश्या, ड्रममध्ये काय लावतोस? हापूस?"

"बंदूक लावतंय," तुळशीदास म्हणाला. "हंय तोंड करून रिकामी करूची. सुटली तर वाळू खायत. तुझ्या पोटात नाय."

"माझ्या पोटात जागा कुठं आहे? तुझं सुरमईचं कालवण आहे तिथं."

तौफीक दाभोळचा, पंपांचा मिस्त्री. अठरा वर्षं हे दोघं एका खोलीत राहिले. एकाची चूल, दुसऱ्याचं मीठ. रमजानात तुळशीदास सूर्य मावळेपर्यंत तौफीकसमोर पाणी प्यायचा नाही आणि गणपतीत तौफीक खोलीत मासळी शिजू द्यायचा नाही.

बंदुकीचं एवढं भय तुळशीदासला का, ते त्यानंच एकदा सांगितलं. त्याच्या गावी डुकरांपासून शेत राखायला ठासणीची बंदूक असे. नळीत दारू ठासायची, छर्रे भरायचे आणि मागं घोड्याखाली एक इवलीशी टोपी बसवायची, तिला केप म्हणतात. शिकार नाही मिळाली तर भरलेला बार नळीतून काढणं किचकट. मग लोक केप तेवढी काढत, घोडा हलकेच खाली बसवत, आणि बंदूक भरलेलीच भिंतीला टांगत.

"दारू आत, छर्रे आत, आणि म्हणाचा रिकामी," तुळशीदास म्हणाला होता. "आमच्या घरात एकदा ती 'रिकामी' बंदूक सुटली. केप काढूक कोण इसरललो. कौलां फुटली. खाली पाळणो होतो, पाळण्यात मी होतंय. आईन सांगल्यान म्हणून माका म्हायत."

तेव्हापासून दर शुक्रवारी तो आणि मी. मजुरांच्या खोल्यांपुढच्या पडवीपासून मी साठ पावलांवर. तुळशीदास नळीचं तोंड खाली ठेवून, बोट चापापासून दूर ठेवून, ती साठ पावलं चालत यायचा. नळी माझ्या वाळूकडं वळवायचा, बंदूक मधोमध मोडून उघडायचा, दोन्ही नळ्यांत करंगळी घालायचा, मग नळ्या आभाळाकडं धरून दोन्हींतून उजेड बघायचा. तेवढं झाल्यावरच म्हणायचा, "आता ही लाकडाची काठी." काडतुसं एका पेटीत, बंदूक दुसऱ्या पेटीत, दोन्हींना वेगळी कुलपं.

मला तेव्हा वाटायचं, पाक गेला, पाणी गेलं, पण वाळू राहिली. माझ्यात कधी एकही छर्रा पडला नाही, आणि याच गोष्टीचा मला अभिमान होता.

मग बाळा आला. तुळशीदासच्याच वाडीतला, चोविशीचा तरणाताठा माणूस. त्याच्या आईला, सीताबाईला, तुळशीदासनं शब्द दिला होता, "तुझ्या झिलाक मी सांभाळतंय." बाळा कामाला वाघ होता, पण घाईचा. गावी त्यानंही ठासणीची बंदूक हाताळली होती, म्हणून त्याला वाटायचं, आपल्याला येतं.

"काका, एक बार उडवलो की रिकामीच ना ती? मग ह्या करंगळीचा नाटक कित्याक?"

"तुझ्या गावच्या बंदुकीक एक नळी. हिका दोन. मोजूक शिक."

एका शुक्रवारी तुळशीदास ग्रीनहाऊसमध्ये होता. बाबांना फोन आला आणि त्यांनी घाईनं बंदूक बाळाच्या हाती दिली. "खलास," म्हणाले आणि बोलत बोलत गाडीकडं गेले. त्यांनी एकच बार काढला होता. दुसरं काडतूस डाव्या नळीत तसंच होतं.

बाळा पडवीत आला. आत जेवण वाढलेलं होतं. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं, मित्रांनो. मला अजून तो त्याचा चेहरा दिसतो. मग त्यानं तिथंच बंदूक उघडली. त्या बंदुकीचं असं, की उडालेल्या काडतुसाचं टरफल उघडताच टुणकन बाहेर पडतं आणि न उडालेलं आतच राहतं. एक टरफल पडलं. बाळाला वाटलं, झालं. त्यानं बंदूक मिटली आणि गावच्या सवयीनं, आतल्या घोड्याची स्प्रिंग ताणलेली राहू नये म्हणून, दोन्ही चाप एकामागून एक ओढले.

पडवीच्या टोकाला तौफीक पंपाची मोटर खोलून बसला होता. छर्रे त्याच्या डाव्या पायात घुसले. त्याची पाठ बाळाकडं होती. त्याला फक्त आवाज कळला, आणि मग पाय आपला नाही असं वाटलं; मागं कोण होतं, कोण आलं, ते त्याला दिसलंच नाही.

तुळशीदास धावत आला. बाळा बंदूक धरून तिथंच उभा होता. तुळशीदासनं ती त्याच्या हातून काढून घेतली, उघडली, खाली ठेवली आणि आपल्या खांद्यावरचा टॉवेल तौफीकच्या पायाला आवळला. बाबा गाडीतून उतरून आले. "मीन? कौन?" त्यांनी विचारलं.

"मैं," तुळशीदास म्हणाला. बाबांना वाटलं, बाळानं बंदूक नेहमीसारखी त्याच्याच हाती दिली असेल.

पुढं पोलीस आले, कागद झाले. जाण्याआधी तुळशीदास माझ्याजवळ आला होता, बाळाला घेऊन. माझ्या काठावर हात टेकून तो हळू आवाजात म्हणाला, "माझी वीस वर्सां झाली, तुझे पाच म्हयने. सीताबाईक मी शब्द दिलंय. गप ऱ्हव." बाळा रडला आणि गप्प राहिला. तौफीकनं तक्रार केली नाही, पण तुळशीदासचा व्हिसा गेला. विमानतळावर जाताना तो इस्पितळात तौफीकला भेटायला गेला होता म्हणे. तौफीकनं भिंतीकडं तोंड केलं.

तौफीक परत आला तो लंगडत. पाय दुखायचा, पण त्याहून दुसरंच काही जास्त दुखायचं. दर शुक्रवारी जेवणाच्या वेळी त्याचा फोन वाजायचा. तो तुळशीदासचं नाव बघायचा, फोन उलटा ठेवायचा आणि घास चावत राहायचा. एकदा मात्र फोन वाजून थांबल्यावर तो म्हणाला, "अठरा वर्षं. आणि माझ्याच वेळी बोट घालायला विसरला?" बाळा समोर बसला होता. त्याच्या ताटातला भात निवून गेला.

बघा, मला बोलता येत नाही, नाहीतर मी ओरडून सांगितलं असतं. मी सगळं पाहिलं होतं. लोखंडाला तोंड आहे पण जीभ नाही. मी नुसता वाट बघत राहिलो, त्या चपलांची, त्या गाण्याची, माझ्या काठावरच्या त्या खरबरीत हाताची. बंदूक बाबांनी सलव्याला नेऊन ठेवली. माझ्या वाळूवर पाला साचला, मांजर येऊन निजू लागलं.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात. तुमच्यापैकी कोणाच्या घरी राखणीची बंदूक असेल, कोणाचे वडील पहाऱ्यावर असतील. ती दिसली तर हात लावू नका, मोठ्यांना हाक मारा. कोणी म्हणालं रिकामी आहे, तरी ती भरलेलीच आहे असं समजा. आणि उद्या मोठे होऊन ती तुमच्या हाती आली, तर तिचं तोंड कधीही माणसाकडं करू नका, चापावर बोट ठेवू नका, आणि डोळ्यांनी बघून, बोटांनी चाचपून खात्री केल्याशिवाय तिला रिकामी म्हणू नका. तुमच्या दारात वाळूचा ड्रम असेल नसेल, पण थांबायला जागा ठेवा. घाईच्या माणसाला साठ पावलं लांब वाटतात. तौफीक आता ती साठ पावलं दोनदा थांबून चालतो.

मागच्या शुक्रवारी बाबांनी बंदूक परत आणली. थाळ्या उडाल्या, बार झाले, आणि बाबांनी ती नव्या माणसाच्या हाती दिली. प्रीतम त्याचं नाव, लातूरकडचा, वायरमन. बंदूक त्यानं जन्मात धरलेली नव्हती. तो ती खांद्यावर टाकून पडवीकडं निघाला, आणि ग्रीनहाऊसच्या दारातून बाळा ओरडला.

"प्रीतम! थांब थंयच! तोंड खाली कर! हकडे ये, ड्रमाकडे."

"आरं रिकामी हाय ती. मालक म्हणाले की."

"म्हणूंदेत. हकडे ये."

दोघं माझ्याकडं आले. पालापाचोळा बाजूला सारताना बाळाचा हात माझ्या वाळूत शिरला. वर्षानंतर कोणीतरी मला हात लावला. माझ्या शेजारी दगडावर तौफीक पाय पसरून बसला होता.

"कसले धडे देतोस रे त्याला?" तो म्हणाला. "ज्यानं हा ड्रम भरला, त्याच्याच हातून माझा पाय गेला."

"मी तेच म्हणायलोय," प्रीतम हसला. "येवढा जाणता माणूस. दर शुक्रवारी हितं येऊन रिकामी करायचा म्हणं. तरी सुटलीच की! मग ह्या वाळूचा उपयोग काय? नशिबात असंल ते व्हतंय."

मित्रांनो, त्या क्षणी मला कळलं, की तुळशीदास एकटाच गेला नव्हता. त्यानं शिकवलेलंही त्याच्या मागोमाग गेलं होतं. ज्यानं सगळं नीट केलं त्याचीच चूक झाली म्हटल्यावर, नीट करायचं कशाला?

बाळा पुढं झाला. त्यानं नळी धरून माझ्या वाळूकडं वळवली. "उघड."

प्रीतमनं उघडली. एक टरफल टुणकन उडून खाली पडलं.

"पडलं. झालं की." तो बंदूक मिटायला लागला. बाळानं मध्ये हात घातला.

"करंगळी घाल."

"आरं पण कशाला..."

"घाल म्हणतंय मां!"

उजव्या नळीत प्रीतमची करंगळी सहज शिरली. डावीत मात्र ती टेकली. त्यानं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. बाळानं लाल काडतूस ओढून काढलं, जड, भरलेलं, आणि प्रीतमच्या तळहातावर ठेवलं. प्रीतमच्या ओठांवरचं हसू कुठल्या कुठं गेलं.

"आत हाय म्हणून तुला कसं कळलं रे?"

बाळानं नळ्या आभाळाकडं धरल्या, दोन्हींतून उजेड बघितला आणि बंदूक उघडीच माझ्या काठाला टेकवून ठेवली. तौफीक दगडावरून उठला होता. तो बाळाकडं टक लावून बघत होता. बाळा त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला.  

"तौफीकभाई, काकांच्या हातात त्या दिवशी बंदूक नव्हतीच. ते काकडीत होते. एक टरफल पडला, माका वाटला रिकामी झाली, आणि घोडो बसवक चाप मीच ओढलंय. तुमच्या पायात गेले ते छर्रे माझे, भाई. काकांचे नाय."