ओकिनामीची पहिली तबकडी

मी तबकडी बोलतेय, 'ओकिनामी' नावानं रॅप करणाऱ्या तिघांची पहिली तबकडी. माझ्याकडे वेळ थोडा आहे.

कारखान्यात तापलेला काळा गोळा दाबून मला चपटं केलं, तेव्हा मी फार ताठ्यात होते. ही जपानच्या याइझू बंदरातली पोरं. तेत्सुया बोल रचायचा, गाकु ताल धरायचा आणि नागिसा जुन्या तबकड्यांतले आवाज वेचून जोडायची. माझ्या पहिल्याच गाण्यात तिनं जाळं ओढताना गाणाऱ्या एका बाईचा आवाज घातला. ती कोण, कुठली, कुणी चौकशी केली नाही. मी छापून झाले, तेव्हा नागिसाला कळलं की ती बाई म्हणजे इसोगाइ आजी, आणि त्या आपल्याच बंदरात राहतात. माणसं अशीच. मेल्यावर फुलं वाहतील, जिवंतपणी दार वाजवणार नाहीत.

"त्या हो म्हणेपर्यंत एकही विकायची नाही," नागिसा अडून बसली.

तिघं मला घेऊन आजींच्या घरी गेले. मिठाईचा डबा पुढे केला, चटईवर डोकं टेकलं.

आजींनी डब्यावरचा कागद पाहिला. "हे तर माझ्या कोपऱ्यावरचं दुकान. माफी मागायला निघालात आणि मिठाई माझ्या दारात आल्यावर आठवली होय?"

"तरी सांगत होतो, घरून निघतानाच घे," गाकु पुटपुटला.

"तू गप," तेत्सुया म्हणाला.

"लावा ती," आजी म्हणाल्या.

नागिसानं सोबत आणलेल्या यंत्रावर मला ठेवलं. मी फिरत होते, तेत्सुया माझ्यातून 'मी एकटा लढलो' म्हणून छाती बडवत होता आणि आजींचा चेहरा हलत नव्हता.

गाणं संपलं. "माझ्यामागे 'होई होई' म्हणणारे कुठे गेले?"

"तालात बसेनात, म्हणून कापले," नागिसा म्हणाली.

"दोर ओढणारे कापलेस? त्यात माझा नवरा होता, शेजारीण होती. मी एकटीनं जाळं ओढलं का गं? ती माणसं परत घाल, मग माझा आवाज घे."

"आजी, सगळ्या छापून झाल्यात," तेत्सुया म्हणाला.

"मग माझ्याशिवाय विका."

तेत्सुया आता उठून चालू लागणार, असं मला वाटलं. त्यानं पुन्हा डोकं टेकलं. "सगळ्या फोडतो, आजी. नव्यानं करतो."

उद्या आम्हा सगळ्यांना फोडायला नेतील. गोदामात खोक्यात उभी आहे. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण माझी कीव करू नका. माझ्यात एका बाईला एकटं पाडलं होतं. माझ्या जागी जी येईल तिला घरी न्या, आवाज मोठा ठेवा आणि मागून ओढणाऱ्यांचे गळे आधी ऐका.