सगळ्या घराचा बाक

मी बाक बोलतो आहे. सुताराने एका अखंड फळीतून मला या डोंगरातल्या दवाखान्यासाठी घडवले, तेव्हा कुणीतरी विचारले होते, "एवढा लांब कशाला?" सुतार म्हणाला, "इथं माणूस एकटा आजारी पडत नाही. सगळं घर पडतं."

त्याचे म्हणणे खरे ठरले. डोंगरातले मूळ रहिवासी रुग्णाला घेऊन सहकुटुंब येत. आधी घरातली वडीलधारी बाई बोले, मग काकू-मावश्या भर घालत आणि शेवटी रुग्ण तोंड उघडे. जुने डॉक्टर निमूट ऐकत.

मग शहरातून डॉक्टरीणबाई आल्या. हुशार, कष्टाळू, पण घड्याळाच्या ताबेदार. "रुग्ण एक, मग बाक कशाला?" असे म्हणून त्यांनी माझी रवानगी मागच्या व्हरांड्यात केली. माझ्या जागी एक स्टूल आले.

खिडकीतून मला सारे दिसे. एकदा एक आजी गरोदर नातसुनेला घेऊन आली. पोरीचे पाय सुजले होते.

"आजी, तुम्ही बाहेर थांबा," बाई म्हणाल्या. मग पोरीकडे वळल्या. "काय होतंय? सांग पटकन."

पोरगी गप्प. वडीलधाऱ्यांच्या आधी स्वतःचे दुखणे सांगणे त्यांच्यात उद्धटपणाचे मानतात. रक्तदाब मोजायला बाईंनी तिचा हात धरला, तशी ती उठून बाहेर गेली. त्या दोघी पुन्हा फिरकल्या नाहीत.

"दिवस भरत आलेत तिचे. काही बरंवाईट झालं तर?" बाई नर्सला म्हणत. त्यांचे जेवणात लक्ष नसे.

त्याच सुमारास प्रशिक्षणाचा हुकूम आला: मूळ रहिवाशांच्या रीती जाणून त्यांच्याशी कसे वागावे. प्रशिक्षिका त्याच समाजातली, चांगली शिकलेली आणि जिभेने तिखट. आत जागा पुरेना, म्हणून वर्ग माझ्यावरच भरला.

"प्रमाणपत्र मिळेल ना?" नर्सने विचारले.

"भिंतीला मिळेल. तुम्हाला काय हवंय ते बोला."

डॉक्टरीणबाईंनी नातसुनेची हकिकत सांगितली. प्रशिक्षिकेने विचारले, "तुमच्या बाळंतपणात जवळ कोण होतं?"

"आई होती. सासूबाईही होत्या."

"आणि डॉक्टरांशी बोलायचं कोण?"

बाईंना हसू आले. "आईच. मला कुठं बोलू देत होती ती."

"मग आमच्या आजीला बाहेर का उभं केलंत?"

बाईंचे हसू मावळले. प्रशिक्षिका म्हणाली, "आजीला आधी बोलू द्या. मग पोरीला विचारा आणि गप्प बसा."

"किती वेळ?"

"ती बोलेपर्यंत."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मला आत नेण्यात आले. मग बाई स्वतः डोंगर चढून गेल्या आणि दोघींना घेऊन आल्या. आजी माझ्यावर ऐसपैस बसली. वाटेबद्दल बोलली, गुडघ्यांबद्दल बोलली, मग पोरीच्या सुजेवर आली. बाईंनी एकदाही घड्याळ पाहिले नाही. आजी थांबली. बाईंनी पोरीला विचारले, "तुला काय होतंय?" आणि वाट पाहत बसल्या. मग नातसून हळूच म्हणाली, "डोकं ठणकतं. डोळ्यांपुढं अंधारी येते."

रक्तदाब फार वाढला होता. बाईंनी तिला तातडीने मोठ्या इस्पितळात हलवले; गाडीत आजीला तिच्या शेजारी बसवले.

काल त्या दोघी परत आल्या; आजीच्या कुशीत बाळ होते. बाई खुर्चीतून उठल्या, तशी आजी थोडी सरकली आणि माझ्यावर थाप मारून बाईंना म्हणाली, "बस ग इथं. आज आधी तू बोल."

वाचकहो, माझा रंग उडाला आहे, एक पाय डुगडुगतो आहे. दुरुस्ती करा अथवा करू नका. फक्त मला आखूड करू नका.