ताणलेला टेप

टुक्. फरशीवर बटण पडलं आणि दुपारची शांतता मोडली. बाळ आत्ता कुठे झोपलं होतं. तिघींनीही श्वास रोखून धरला. नाही उठलं.

"चिंगे, तेवढं बटण दे गं," शिलाई मशीनवरून आई कुजबुजली. पाठीचे दोन मणके दबल्यापासून खाली पडेल ते नातीच्या वाट्याचं. पाच वर्षांची चिंगी लगेच कापण्याच्या टेबलाखाली शिरली.

लेक कपाटापाशी मापांच्या जुन्या वह्या लावत बसली होती. सुजलेल्या बोटांनी पान उलटणंही जिवावर येत होतं. पर्समध्ये तिच्या हाडांचा रिपोर्ट होता. तो अजून आईला दाखवला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "ही सूज नुसती सांध्यांत बसून राहत नाही, हाडंही पोखरते. त्यात अंगावर पाजताना बीजकोशांतून येणारा, हाडं राखणारा हार्मोन कमीच असतो. बाळ दहा महिन्यांचं झालंय. आता सोडवा, म्हणजे औषध सुरू करता येईल." तीन आठवडे तिचं 'बघू, बघू' चाललं होतं. हे शेवटचं बाळ. ते कुशीत शिरून चुटूचुटू प्यायला लागलं, की डॉक्टरीणबाई कुठल्या कुठे!

वह्यांना अजून खडूचा वास येत होता. लहानपणी ती याच टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात झोपायची आणि वर कात्री खर्र खर्र चालायची. आई तेव्हा केवढी उंच! सगळ्यात वरच्या फळीवरचा तागा टाच न उचलता काढायची. गिऱ्हाईक बायका तिला ताडमाड म्हणायच्या आणि आई आणखीनच ताठ व्हायची.

एका वहीत मागच्या पानावर आईचीच मापं निघाली. दरवर्षी ती स्वतःला एक पायघोळ झगा शिवायची. लांबी चोपन्न. पुन्हा चोपन्न. मग ऑपरेशनचं वर्ष. आई तेव्हा एकोणचाळीसची, पिशवीबरोबर बीजकोशही काढले होते. "सुटले बाई दर महिन्याच्या कटकटीतून!" असं तिने गल्लीभर सांगितलं होतं. त्यानंतर काही वर्षांनी साडेत्रेपन्न. शेजारी आईचं टपोरं अक्षर: टेप ताणला, नवा घेतला. पुढे साडेबावन्न: हाही ताणला. मग एक्कावन्न: टेपवाला बदलला.

तिला खुदकन हसू आलं. मग तिने ते आकडे पुन्हा वरून खाली वाचले.

"आई, तू टेपवाला बदललास?"

"मग? कापडी टेप ताणतातच, मग माप कमी भरतं. शिवणाऱ्या बाईने आधी टेपवर संशय घ्यावा."

"आणि गिऱ्हाइकांची मापं? ती कशी बरोबर यायची?"

मशीन थांबलं.

"यायची खरी," आई हळूच म्हणाली. "तेव्हाच कळायला हवं होतं, नाही का? पण उंचीची भारी मिजास होती बाई मला."

लेकीने रिपोर्ट काढून तिच्यापुढे ठेवला. आईने चष्मा पुसला, घातला, परत पुसला.

"तुलासुद्धा? या वयात?"

"सुरुवात आहे. औषध आहे, पण बाळाचं अंगावरचं सोडवावं लागेल. आणखी दोन-चार महिने जाऊ देत म्हणतेय."

"जाऊ दे की. मी पंधरा वर्षं जाऊ दिली."

लेकीने रिपोर्टची घडी घातली.

"अगं, तुला सोडवलं तेव्हा दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतंस. तिसऱ्या दिवशी कपातून प्यायलीस आणि माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाहीस. रडले ती मीच, या मशीनवर. मूल मोठं होतं गं. आपण तेवढ्या उभ्या राहायला हव्यात."

लेकीने फोन उचलला आणि दवाखान्यात सोमवारची वेळ घेतली. बोलणं संपतंय तोवर बाळ उठलंच. तिने त्याला पदराखाली घेतलं आणि त्याच्या कानामागचा घामट वास छातीभर ओढून घेतला.

चिंगी टेबलाखालून बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. ती आजीला बिलगून उभी राहिली, मग वळून म्हणाली,

"आई, आजीची उंची गेली ना, ती कुठे गेली?"